ही गोळी बोलतेय

तीर्थरूप आत्या,

कागदावरूनच तुझ्या पाया पडते. (इथे वाकायला बरं असतं, बघायला कुणी नसतं.) गुडघे कसे आहेत? म्हणजे खरे गुडघे विचारतेय, कुणाच्या लग्नाचं आमंत्रण आलं की दुखतात ते नव्हेत. ते कसे असतात हे मला चांगलं ठाऊक आहे, माझेही तसलेच आहेत. डोळ्यांत थेंब घालतेस ना? खालच्या मजल्यावरच्या त्या बडबड्या बाईंनी जिन्यात गाठू नये म्हणून अजूनही त्यांचं दार लागल्याचा आवाज येईपर्यंत वर थांबतेस का? थांबत असशील तर थांब, मी कोण तुला शिकवणार. फोन का केला नाही, असं तू विचारणार नाहीस हे मला माहीत आहे. तू उचलत नाहीस आणि मी लावत नाही, म्हणून आपल्या दोघींचं आजवर इतकं छान जमलं. हल्ली मी लावते, पण तू अजून उचलत नाहीस, तेव्हा पुन्हा कागदच.

आई महिन्यातून एकदा तुझ्याकडे येते, म्हणजे तुला सगळं कळलंच असेल, आणि सगळं उलटं कळलं असेल. तुझी भाची डोक्याच्या गोळ्या घेते, गोळ्यांनी तिची जीभ सुटली, तिने साहेबांशी भांडण केलं, नवऱ्याच्या मित्रांना चहा दिला नाही आणि चौदा वर्षांची नोकरी सोडली. यातलं खोटं काहीच नाही. आईची हीच तर कमाल आहे, ती खोटं कधीच बोलत नाही, नुसता क्रम बदलते. म्हणून म्हटलं, क्रमवार आपणच लिहावं.

माझं काम तुला माहीत आहे, म्हणजे नावाने माहीत आहे. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाचा ठसा घेतात, तो आमच्याकडे येतो, आम्ही त्यात प्लास्टर ओतून जबडा काढतो, त्यावर मेणाची हिरडी घडवतो, दात रचतो आणि शेवटी कवळी घासूनपुसून चकचकीत करून परत पाठवतो. मागची खोली माझी. भिंतीत एक खिडकी, हात जाईल एवढी. ठसा आत येतो, कवळी बाहेर जाते. चौदा वर्षं मी लोकांच्या तोंडात घालवली, पण एकाही तोंडामागचा माणूस मला भेटला नाही. यासारखी नोकरी आपल्यासारख्यांसाठी देवाने जातीने लक्ष घालून काढली असावी. बाहेरच्या खोलीत डॉक्टरांचे फोन घ्यायला, त्यांना हसवायला एकजण आहे, त्याला आम्ही रेडिओ म्हणतो. सकाळी सुरू होतो तो दिवसभर बंद होत नाही. मला तो वहिनी म्हणतो. माझ्या वाटणीचं बोलणं तोच बोलायचा आणि मला त्याचे उपकार वाटायचे. (हे वाक्य परत वाचलं की मला स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.)

दोन वर्षांपूर्वी एक ठसा आला, चारशे बारा नंबरचा. अर्धांगवायूने एका बाजूचा गाल पडलेला. अशा माणसाची कवळी बसत नाही, घास त्या गालात अडकून राहतो आणि लोकांसमोर जेवायची त्याला लाज वाटते. लोकांसमोर जेवायची लाज म्हणजे काय हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी चार महिने खटपट करून कवळीला त्या बाजूने एक फुगीर कड काढली, अशी की गाल आतून उचलला जाईल आणि जिभेला टोचणारही नाही. बसली. मग तसे आणखी ठसे यायला लागले, एकोणीस झाले. मालक खूष. म्हणाले, दातांच्या डॉक्टरांचा मेळावा आहे, तिथे दहा मिनिटं तुम्हीच सांगा, तुमचं काम आहे.

आत्या, त्या दिवसापासून मी तीन आठवडे नीट जेवले नाही. मेळाव्याच्या दिवशी डब्यात प्लास्टरचे दोन जबडे घेऊन मी सभागृहापर्यंत गेले, दारातून दोनशे माणसांच्या मानांची मागची बाजू पाहिली, आणि माझे पाय मला न विचारता जिन्याखालच्या खोलीत गेले. तिथे जादा खुर्च्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या. त्यातल्या बुटक्या ढिगावर मी बसले. थोड्या वेळाने सभागृहातला नोकर आला, गर्दी वाढली होती, खुर्च्या हव्या होत्या. तो एकेक ढीग नेत राहिला, माझ्याकडे बघून मान हलवत राहिला, आणि शेवटी मी बसले होते तेवढाच ढीग उरला. तो अदबीने म्हणाला, "बाई, उठता का? ह्या पण लागतील." मी उठले. माझी खुर्ची आत गेली, मी नाही गेले. आत रेडिओ उभा राहिला आणि त्याने दहाऐवजी पंचवीस मिनिटं घेतली. पुढच्या महिन्यात आमचं माहितीपत्रक छापून आलं. त्यावर त्याचा फोटो, हातात माझा जबडा (प्लास्टरचा), आणि खाली त्याच्या नावाने ती पद्धत. मी त्याचं अभिनंदन केलं. तेही खिडकीतून, चिठ्ठी लिहून.

त्यानंतर मी डॉक्टरकडे गेले. आधी घरच्या डॉक्टरांकडे, कारण त्यांच्याकडे जायला पोटदुखीचं निमित्त पुरतं. त्यांनी नाडी पाहिली, ताकदीचं औषध दिलं आणि म्हणाले, तुम्ही चार बायकांत मिसळत जा. म्हणजे पोहता न येणाऱ्याला बुडण्यावर उपाय म्हणून खोल पाणी लिहून दिलं. तीन महिने ते गोड औषध प्यायले, दीड किलो वजन वाढलं, आणि त्या दीड किलोसकट मी पूर्वीसारखीच दाराआड उभी राहायचे.

मग मनाच्या डॉक्टरीणबाई. त्यांच्या जिन्यात मी दोनदा जाऊन परत आले, तिसऱ्यांदा त्याच खाली उतरत होत्या, म्हणून सापडले. त्यांनी तीन पानी प्रश्नपत्रिका दिली. लोक बघत असताना सही करता येते का, चारजणांत फोन घेता येतो का, दुकानात घेतलेली वस्तू परत करता येते का, सगळे बसले असताना खोलीत शिरता येतं का. आत्या, मी रडायलाच लागले. माझं आत्मचरित्र कुणीतरी आधीच छापून ठेवलं होतं आणि त्यात फक्त खुणा करायच्या राहिल्या होत्या. त्यांनी विचारलं, कधीपासून? मी म्हटलं, आठवतं तेव्हापासून. म्हटलं, हा आजार आहे हे मला ठाऊक नव्हतं, आमच्याकडे याला वळण म्हणतात. तेव्हा त्या म्हणाल्या, "हा त्रास बायकांत जास्त दिसतो, आणि त्या येतात मात्र उशिरा. आरडाओरडा करणाऱ्या बाईला घरचे दोन दिवसांत घेऊन येतात. गप्प बसणाऱ्या बाईला कोण आणणार? ती सगळ्यांना सोयीची असते." मूल व्हायचा विचार आहे का, हेही त्यांनी विचारलं, गोळी त्याप्रमाणे ठरवायची असते म्हणून. हा प्रश्न मला पंधरा वर्षांत शंभरजणांनी विचारला असेल, पण उत्तर ऐकायला थांबलेल्या त्या पहिल्याच.

गोळी रोज सकाळी एक, आणि दर आठवड्याला त्यांच्याकडे बोलायला जायचं. त्यांनी बजावून सांगितलं की गुण यायला सहा ते आठ आठवडे लागतील, सुरुवातीला मळमळेल, आणि मनाने कधीही एकदम बंद करायची नाही. हे सगळं मी लिहून घेतलं. गोळी आणायची कशी, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. औषधाच्या दुकानात मी तीनदा गेले. पहिल्यांदा खोकल्याच्या वड्या घेऊन आले, दुसऱ्यांदा पट्टीचा कापूस, तिसऱ्यांदा रांगेत सहाजण असताना चिठ्ठी घडी करून सरकवली. औषधवाल्याने ती उलगडली, उजेडात धरली आणि आतल्या माणसाला हाक मारून विचारलं, "अरे, ती मनाच्या भीतीवरची गोळी वरच्या फळीवर आहे का रे?" सहाही माणसं माझ्याकडे वळली. वरच्या फळीवर होती. शिडी आणावी लागली.

पहिले दोन आठवडे मळमळ. त्यानंतर जांभया. असल्या जांभया मी जन्मात दिल्या नव्हत्या. मालक नव्या यंत्राबद्दल सांगताहेत, मला जांभई. तुझे जावईबापू त्यांच्या कचेरीतला अन्याय सांगताहेत, मला सलग तीन. (त्यांच्यावर गेली अकरा वर्षं एकच अन्याय चालू आहे, तेव्हा गोळीला एकटीला दोष देता येत नाही.) आणखीही एक परिणाम झाला, तो आत्याला पत्रात लिहिण्यासारखा नाही. डॉक्टरीणबाईंना सांगितला, त्यांनी गोळीची मात्रा थोडी बदलली. जावईबापूंच्या मात्र तो लक्षातही आला नाही. यावरून काय समजायचं ते तू समज.

गुण केव्हा आला सांगते. सातवा आठवडा, मंगळवार, सकाळचे अकरा. रेडिओ जागेवर नव्हता आणि बाहेर फोन वाजत होता. मी जाऊन घेतला. एका दंतवैद्यबाईंचा होता, त्यांच्या रोग्याची कवळी घासत होती. मी त्यांना म्हटलं की ठसा घेताना रोग्याने मान मागे टाकली असणार, पुन्हा घ्या, मान सरळ ठेवून. फोन ठेवला, आत आले, मेणात दोन दात रोवले, आणि मग माझ्या ध्यानात आलं की मी फोन घेतला होता. आत्या, लोक म्हणतात गोळीने धीर येतो. तसलं काही होत नाही. आमच्याकडे कवळी घासायचं यंत्र आहे, ते दिवसभर घरघरत असतं, इतकं की ते चालू आहे हेच आपण विसरतो. संध्याकाळी कुणी बटण बंद केलं की एकदम कळतं, अरे, एवढा आवाज होता होय! तसं झालं. एवढा आवाज डोक्यात घेऊन मी एकोणचाळीस वर्षं काढली आणि सगळे म्हणायचे, किती शांत मुलगी!

मग मी एक चूक केली. माहितीपत्रकाची दुसरी आवृत्ती निघायची होती, मालक आणि रेडिओ फोटो निवडत होते. मी बाहेर गेले आणि म्हटलं, "ही पद्धत माझी आहे. नाव माझं पाहिजे."

मी ओरडले नाही. ज्या आवाजात प्लास्टर संपलं म्हणून सांगते त्याच आवाजात म्हटलं. मालकांनी चष्मा काढला. रेडिओ उठला, मला खुर्ची दिली आणि इतक्या मायेने बोलला की ऐकणाऱ्याला रडू यावं. "वहिनी, बसा. तुमची ट्रीटमेंट चालू आहे ना, दगदग करू नका. दादा भेटले होते, सगळं बोलले. डोक्याच्या गोळ्यांनी असं होतं कधीकधी, माणसाला भलतं काही वाटायला लागतं."

दादा म्हणजे तुझे जावईबापू. ते त्याला केशकर्तनालयात भेटले होते आणि दाढी होईपर्यंत त्यांनी माझं सगळं मन त्याच्यापुढे मोकळं केलं होतं. मालकांनी मला आठवडाभर घरी विश्रांती घ्यायला सांगितलं. चौदा वर्षं तोंडातून शब्द काढला नाही तेव्हा कुणी म्हणालं नाही की बाई, दमला असाल. एक वाक्य बोलले तर आजारी.

घरीही तेच. आमच्याकडे रविवारी जावईबापूंचे पाच मित्र पत्ते खेळायला येतात हे तुला माहीत आहे. मी दर रविवारी स्वयंपाकघरात उभी असायचे, चहाचा ट्रे दाराशी ठेवायचे आणि कडी वाजवायचे, मग आतून कुणीतरी येऊन उचलून न्यायचं. (पाचातल्या दोघांना तर मी अजून पूर्ण दिसलेली नाही.) त्या रविवारी मी म्हटलं, आज मी वाचत बसणार आहे, चहा तुम्ही करा. जावईबापूंनी माझ्याकडे पाहिलं नाही, मित्रांकडे पाहिलं आणि म्हणाले, "ही नाही बोलत हो, ही गोळी बोलतेय." सगळे हसले. ते वाक्य त्यांना इतकं आवडलं की घरात त्याचा रिवाजच पडला. भाजी खारट झालीय म्हटलं, गोळी बोलतेय. पंखा कमी करा म्हटलं, गोळी बोलतेय. मी गप्प असायचे तेव्हा तो माझा स्वभाव होता, बोलायला लागले तेव्हा मी उरलेच नाही. एकदा म्हटलं, तुमच्यावर माझा जीव आहे, आणि मुद्दाम थांबले. तेव्हा मात्र गोळीचं नाव निघालं नाही. ते मीच म्हटलं होतं म्हणे.

त्या विश्रांतीच्या आठवड्यात गोळ्यांची पाकिटं नाहीशी झाली. विचारलं तर म्हणाले, आता बरी झालीस ना, मग कशाला, कचऱ्याच्या गाडीत दिली. आईला आधी फोन करून विचारलं होतं. दोघांचं एकमत झालं होतं. मला विचारायचं राहून गेलं. तिसऱ्या दिवशी माझं डोकं गरगरायला लागलं, डोळे फिरवले की कवटीच्या आत वीज चमकल्यासारखं व्हायचं, आणि न्हाणीघराच्या दाराला धरून मी खाली बसले. जावईबापू म्हणाले, बघ, म्हणून सांगत होतो, या गोळ्या वाईटच. मी तशीच डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, हे एकदम बंद केल्यामुळे झालंय, आत्ताच्या आत्ता आणा आणि घ्या. भिंतीला धरत धरत दुकानात गेले. रांगेत आठजण. मी जागेवरूनच मोठ्याने गोळीचं नाव घेतलं आणि म्हटलं, मला लोकांची भीती वाटते, त्यावरची आहे, वरच्या फळीवर असते, शिडी लागेल. औषधवाला गोरामोरा झाला. म्हणाला, "हळू बोला हो बाई, लोक ऐकतायत."

आठवड्याने कामावर गेले. मालकांना म्हटलं, वाद नको, अकराशे एकतीस नंबरचा ठसा आलाय, पडलेल्या गालाचा, रेडिओला तुमच्यासमोर त्याची कड काढू दे. रेडिओने पाऊण तास मेण तापवत त्या पद्धतीवर भाषण केलं. मेण वितळून टेबलावरून त्याच्या पँटवर गेलं. कड काही निघाली नाही. मालक मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमचंच आहे, मला पहिल्यापासून माहीत होतं. पण पत्रकं छापायला गेली ना. आणि बोलायला तोच बरा पडतो." पहिल्यापासून माहीत होतं! आत्या, रेडिओ चोर आहे हे मी केव्हाच पचवलं होतं. मालकांचं हे वाक्य मला अजून पचलेलं नाही.

मी राजीनामा दिला. ज्यांचा तो पहिला फोन मी घेतला होता त्या दंतवैद्यबाईंनी मला त्यांच्या दवाखान्यात बोलावलं आहे. तिथे भिंतीत खिडकी नाही. पहिल्याच दिवशी एक निवृत्त शिंपी आले, डावा गाल पडलेला. ठशाऐवजी प्रथमच माझ्यापुढे अख्खा माणूस होता, तोही माझ्याकडे बघणारा. माझे हात थरथरले. गोळी असली तरी थरथरतात, फक्त त्यानंतर काम करता येतं. मी त्यांच्या गालाला बोट लावलं आणि म्हटलं, फ म्हणा. त्यांना म्हणता येईना, सगळी हवा बाजूने गेली, आणि ते शरमले. मी म्हटलं, घाई नाही, मलाही बोलायला एकोणचाळीस वर्षं लागली. ते हसले, म्हणजे अर्ध्या तोंडाने हसले. उरलेल्या अर्ध्याचं काम आता माझ्याकडे आहे.

घरात थंड आहे. जावईबापू रविवारी स्वतः चहा करतात आणि तो कसा भयंकर होतो हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. आई माझ्याशी बोलत नाही, म्हणजे आता गप्प बसायची पाळी तिची. पुढचं काय होईल ते मला ठाऊक नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात गोळी निदान वर्षभर, मग बघू, कमी करायची तरी हळूहळू. तब्येतीला जप, डोळ्यांत थेंब घाल, आणि उत्तर लिहिलंस तर पत्ता दवाखान्याचा घाल, घरचा नको.

तुझी,
गप्प भाची (माजी)

ता. क. : वर एवढ्या फुशारक्या मारल्या आहेत, पण हे पत्र लिहून एकोणीस दिवस झाले. टपाल कचेरीत ते वजन करायला द्यावं लागतं आणि खिडकीतली बाई जाड पाकीट पाहून 'आत काय आहे' असं विचारते. दोनदा रांगेतून परत आले. आज देते.

ता. क. दोन : पत्र खरं तर यासाठी लिहिलं, बाकीचं मागाहून सुचलं. माझ्या गोळ्या टाकून दिल्या म्हणून मी आईशी भांडले, तेव्हा रागाच्या भरात ती बोलून गेली की, "तुझ्या आत्यानेही हेच केलं होतं, तिलाही एका डॉक्टरने गोळ्या दिल्या होत्या, अडीच महिने घेतल्या आणि भरल्या घरात सगळ्यांसमोर बोलली. मग आजोबांनी गोळ्या मोरीत ओतल्या तेव्हा कुठे ताळ्यावर आली." तू तेव्हा सव्वीस वर्षांची होतीस. मी आईला खूप विचारलं की आत्या काय बोलली होती. ती म्हणते आठवत नाही. काकांना विचारलं, त्यांनाही आठवत नाही. सगळ्यांना एवढंच आठवतं की तू बोललीस आणि ते फार वाईट दिसलं. काय बोललीस, ते ऐकलंच नव्हतं कुणी.

मला ते हवं आहे, आत्या. आठवत असेल तसं, शब्दाला शब्द, लिहून पाठव.